‘एकाआड’ माश्यांची बाटली

मी एक जुनी काचेची बाटली आहे. जाड बुडाची, रुंद तोंडाची, खांद्याशी जराशी हिरवट. पोटावर एका बंद पडलेल्या डेअरीचं नाव उठावाच्या अक्षरांत आहे, म्हणून जो तो मला दुधाची बाटली म्हणतो आणि मला त्याचा राग येतो. दूध मी जेमतेम सहा वर्षं वाहिलं. माश्या मात्र चाळीस वर्षं सांभाळल्या. मित्रांनो, गेल्या मे महिन्यात त्या माश्यांचा एक अख्खा वंश माझ्या पोटातून कायमचा पुसला जाणार होता, आणि तसा वंश जगात दुसरीकडे कुठेच नाही. तीच हकिगत मी सांगणार आहे. पण आधी माझी थोडी ओळख होऊ द्या.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. तिथून मी जबलपूरला आले आणि छावणीतल्या बंगल्यांना रोज सकाळी सायकलवरून दूध पोचवू लागले. मग प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि आम्हा बाटल्यांना गोदामात टाकून दिलं. तिथून राइट टाउनमधल्या एका कॉलेजातले चंद्रशेखर सर आम्हाला घेऊन आले. ते प्राणिशास्त्र शिकवत. मला हातात धरून ते म्हणाले होते, "असं बूड आणि असं तोंड आता मिळायचं नाही." एवढं कौतुक माझं तोवर कोणी केलं नव्हतं. मी तेव्हाच ठरवलं की या माणसाचं काम कधी बिघडू द्यायचं नाही.

काम असं होतं. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून सर माझ्या पोटात ओतत. ते खरवसासारखं थिजलं की त्यावर माश्या सोडत आणि माझ्या तोंडाला कापसाचा बोळा लावत. माश्या म्हणजे पिकल्या केळ्याभोवती घोंगावणारी चिलटं. पुस्तकात त्यांना फळमाशी म्हणतात. तुम्ही त्यांना हातानं हाकलता. सर त्यांना भिंगाखाली तासन् तास बघत.

माशीचं अंडं रव्याच्या कणाएवढं असतं. त्यात सुरुवातीला डोकंही नसतं आणि शेपूटही नसतं. पण आईनं अंडं घालण्याआधीच त्याच्या एका टोकाला एक निरोप ठेवलेला असतो: डोकं इकडे. त्या निरोपावरून तयार होणारं द्रव्य अंड्यात पसरत जातं. फोडणीचा वास जसा चुलीपाशी दाट आणि अंगणात विरळ लागतो, तसं ते एका टोकाला दाट असतं आणि दुसरीकडे विरळ होत जातं. अंड्यातल्या केंद्रकांना त्या दाटपणावरून कळतं की आपण कुठे आहोत, आणि त्याप्रमाणे त्यांच्यातली जनुकं चालू किंवा बंद होतात. पहिली जनुकं अंड्याचे मोठमोठे भाग पाडतात. त्यांच्या सांगण्यावरून दुसरी जनुकं सात पट्टे उमटवतात. त्या पट्ट्यांवरून तिसरी जनुकं चौदा खंडांच्या सीमा आखतात आणि प्रत्येक खंडाची पुढची बाजू कोणती, मागची कोणती, तेही ठरवतात. मग आणखी काही जनुकं एकेका खंडाला त्याचं काम सांगतात. तू छाती, तुला पाय येतील. तू पोट, तुला येणार नाहीत. यातली बरीचशी आखणी पहिल्या तीनेक तासांत होऊन जाते. तेव्हा अजून ना पाय असतो ना पंख. शिंप्यानं कापडावर खडूनं खुणा कराव्यात, तेवढंच झालेलं असतं. माझ्या पोटात हे लाखो वेळा झालं आहे आणि तरी मला त्याची सवय झालेली नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वी सरांनी गोहलपुरातल्या एका फळगाडीवरच्या सडक्या पेरूंवरून काही माश्या आणल्या. त्यांच्या पिढ्या वाढवताना एका बाटलीतली पाव हिस्सा अंडी फुटेनात. सरांनी ती न फुटलेली अंडी उघडून भिंगाखाली धरली. धडधाकट अळीच्या पोटाखाली बारीक काट्यांचे आठ पट्टे असतात. या अळ्यांना चारच होते. एक खंड आहे, पुढचा नाही, त्यापुढचा आहे, पुन्हा नाही. सात पट्टे उमटवणाऱ्या जनुकांपैकी एकात बिघाड होता. त्या जनुकाला जगभरचे अभ्यासक ‘ईव्हन-स्किप्ड’ म्हणतात, पण नेमका हाच बिघाड आधी कोणाला सापडला नव्हता. सरांनी त्याचं नाव ठेवलं ‘एकाआड’.

आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. हा बिघाड आई आणि बाप दोघांकडून आला तर अळी अंड्यातच मरते. एकाकडूनच आला तर माशी छान जगते आणि तो पुढे नेते. अशी माशी ओळखू यावी म्हणून सरांनी तिच्या दुसऱ्या, निकोप जनुकाच्या गुणसूत्रावर वाकड्या पंखांची खूण बसवून घेतली. ती खूण दोन्हीकडून आली तरी माशी जगत नाही. त्यामुळे माझ्यात जगलेली प्रत्येक माशी वाकड्या पंखांची असे आणि प्रत्येकीच्या अंगात ‘एकाआड’ असे. मात्र हा वंश बियाण्यासारखा डब्यात भरून ठेवता येत नाही. दर पंधरवड्याला माश्या नव्या खाद्यावर घालाव्या लागतात. एकदा विसरलं की संपलं.

सर कधी विसरले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते वारले, तेव्हा त्यांची जागा वर्षभर कोणी भरली नाही. त्या वर्षात हा वंश जगवला तो जगन्नाथनं. जगन्नाथ प्रयोगशाळेचा मदतनीस, जबलपूरजवळच्या कुंडम गावाकडचा, पंचावन्न वर्षांचा. त्याला इंग्रजी वाचता येत नाही आणि जनुक म्हणजे काय हेही त्याला कोणी समजावलं नव्हतं. पण सर जसं करत तसं तो करत राहिला. मक्याचं पीठ संपलं तेव्हा त्यानं घरून आणलं. म्हणून सांगते, पुढे जे घडलं त्यासाठी त्याला दोष देऊ नका.

मग अमरावतीहून अमिता मॅडम नेमणुकीवर आल्या. त्यांच्या हाताखाली अंतरा एम.एस्सी.चा प्रबंध करू लागली, याच ‘एकाआड’वर. अंतराचे वडील डिफेन्स फॅक्टरीत आहेत, घर तीन पिढ्यांपासून जबलपुरात. तिला मराठी सगळी समजते, बोलताना मात्र निम्मी हिंदी येते. मॅडमना ही मुलगी आवडे. त्या तिला म्हणत, "प्रबंध झाला की हा वंश दुसऱ्या चार प्रयोगशाळांना पाठवू. एकाच कपाटात ठेवणं बरं नाही."

त्या म्हणत होत्या ते खरं होतं. मे महिन्यात पारा चव्वेचाळिसावर गेला आणि एका रविवारी दिवसभर वीज गेली. खोलीतल्या सगळ्या बाटल्यांमधल्या माश्या उष्म्यानं मेल्या. थंड कपाटातल्या एका बाटलीतल्या माश्या तेवढ्या वाचल्या. मॅडमनी त्या माझ्यासह चार बाटल्यांत घातल्या, दोन दिवस अंडी घालू दिली आणि म्हाताऱ्या झालेल्या माश्या काढून टाकल्या. आता आम्हा चौघींत उडणारं काहीच नव्हतं. खाद्यात अंडी होती आणि नुकत्या बाहेर आलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या. अख्खा वंश तेवढाच उरला होता.

त्याच दिवशी मॅडमना आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला निघायचं होतं. आम्हाला थंड कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवायचं होतं, कारण वरची फळी नीट गार होत नसे. पण कपाटाची किल्ली जगन्नाथकडे होती आणि तो परीक्षेच्या हॉलमध्ये अडकला होता. मॅडमनी आम्हाला कपाटाजवळच्या टेबलावर मांडलं. जगन्नाथला वाचता यावं म्हणून त्यांनी मुद्दाम इंग्रजी टाळलं, चार चिठ्ठ्यांवर मोठ्या देवनागरी अक्षरांत एकेकच शब्द लिहिला आणि आमच्या पोटावर चिकटवला. ‘खाली’.

मी तो शब्द अंगावर घेऊन उभी राहिले. मला मराठी आणि हिंदी दोन्ही येतात, चाळीस वर्षं दोन्ही ऐकते आहे. मॅडम दाराबाहेर पडल्या आणि मला कळलं की काय होणार. पण बाटलीला तोंड असतं ते फक्त बोळा लावायला.

दुपारी अंतरा आली. तिनं चिठ्ठ्या पाहिल्या. तिच्या घरी आई रोज ‘खाली बस’, ‘पिशवी खाली ठेव’ म्हणते, आणि रस्त्यावर ती स्वतः रिक्षावाल्याला ‘भैया, खाली हो क्या?’ म्हणून विचारते. दोन्ही अर्थ तिला इतके ओळखीचे होते की त्यातला एकही तिला थांबवू शकला नाही. ती वही घेऊन निघून गेली.

चार वाजता जगन्नाथ आला. परीक्षेचे गठ्ठे उचलून तो दमला होता. त्यानं पहिल्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली, मग दुसरीवरची. मला त्यानं उचललं आणि खिडकीकडे धरलं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे. त्यानं मला दोनदा फिरवलं. "कुछ तो होना चाहिए," तो पुटपुटला. मग पुन्हा चिठ्ठीकडे बघून म्हणाला, "मैडम ने देख के ही लिखा होगा." आणि आम्हाला बेसिनवर नेलं.

त्यानं सोड्याचं पाणी उकळलं. पहिल्या बाटलीतलं खाद्य लांब चमच्यानं खरवडून बादलीत टाकलं आणि आत उकळतं पाणी ओतलं. मग दुसरी. मग तिसरी. मी शेवटची होते. माझ्या बहिणींच्या पोटात काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि मी काही करू शकत नव्हते. त्यानं माझा बोळा काढला, चमचा घातला आणि अर्धं खाद्य एका फटक्यात बादलीत गेलं. तेवढ्यात अंतरा आपली विसरलेली छत्री घ्यायला परत आली.

"भैया, ये क्या कर रहे हो?"

"धो रहे हैं, बिटिया. खाली हैं चारों. मैडम जी लिख के गई हैं."

अंतरानं माझ्यावरची चिठ्ठी वाचली. ओठ हलवून, हळू वाचली. तिचा चेहरा उतरला.

"भैया, हाथ रोको. मैडम ने मराठी में लिखा है. खाली मतलब नीचे. नीचे वाले खाने में रखना था."

जगन्नाथनं चमचा बाजूला ठेवला. "नीचे?"

"हाँ."

"तो खाली को मराठी में क्या बोलते हैं?"

"रिकामी."

"रिकामी," तो म्हणाला, आणि बादलीपाशी खाली बसला. त्यानं सोड्याच्या गरम पाण्यात हात घालून खाद्याचे गोळे बाहेर काढायला सुरुवात केली. अंतरानं त्याला उठवलं. त्या पाण्यात काही जगण्यासारखं नव्हतं, हे त्याला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं.

तिनं मॅडमना फोन लावला आणि मोबाइल माझ्याशेजारी ठेवून मोठ्यानं बोलू लागली.

"वर्ष झालं मला इथं येऊन," सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या. "रोज हिंदी बोलून राहिली आहे मी. अन् हा एक शब्द काहून नाही सुचला मला? जगन्नाथजींना काही बोलू नको, अंतरा. चूक माझी आहे."

"मॅडम, मी पण वाचला होता. दुपारी. मी ध्यानच नाही दिलं."

"राहू दे आता ते. आत काय उरलं, ते सांग."

"अर्धं फूड आहे. पण काही हलत नाहीये."

"भिंग घे. अळी नाही दिसणार. तिच्या तोंडाशी काळे हुक असतात, ते दिसतात. काळे ठिपके शोध."

अंतरा माझ्या काचेला नाक लावून बघू लागली. जगन्नाथ टॉर्च धरून उभा राहिला. मित्रांनो, जीव भांड्यात पडला असं तुम्ही सहज म्हणता. इथे जीव खरोखर भांड्यात होता, आणि तो आहे की नाही हे भांड्यालाही सांगता येत नव्हतं.

"एक," अंतरा म्हणाली. खूप वेळानं, "दोन."

ती नऊपर्यंत पोचली. त्यापुढे काही सापडलं नाही.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत. मी खालच्या फळीवर होते. तिथे गारवा होता, पण गारव्यात अळ्या फार सावकाश वाढतात. चमच्यानं हललेल्या खाद्याला पाणी सुटलं आणि दोन अळ्या त्यात बुडाल्या. सात माझ्या भिंतीवर चढून कोष करून बसल्या. त्याच आठवड्यात पुन्हा वीज गेली. कपाट तापू लागलं तेव्हा जगन्नाथनं घरून माठ आणला, त्यात ओली वाळू भरली आणि मला खांद्यापर्यंत त्यात बसवलं. वाळूवर तो थोडं थोडं पाणी शिंपडत राहिला. जेवायलाही उठला नाही. अंतरा "भैया, मैं बैठती हूँ" म्हणाली, तर त्यानं नुसती मान हलवली. संध्याकाळी वीज आली.

सातांपैकी पाच कोष फुटले. चार माद्या आणि एक नर. एकच नर, शेपटाकडे काळा. मॅडम परत आल्या होत्या. तिघंही माझ्याभोवती जमली आणि अंतरानं भिंगातून पाहिलं. ती एकदम मागे सरली.

"मॅडम, पंख सरळ आहेत. पाचही जणांचे."

सरळ पंख म्हणजे साधी माशी. त्या दिवशी माझा बोळा काढून ठेवला होता, बेसिनजवळ कुणाचं तरी केळ्याचं साल पडलं होतं. एखादं बाहेरचं चिलट आत शिरून अंडी घालून गेलं असेल, तर तीन आठवडे आम्ही कुणा परक्याच्या पोरांना जपलं होतं आणि ‘एकाआड’ केव्हाच संपला होता.

जगन्नाथ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "सर होते तो क्या कहते," तो म्हणाला.

मॅडमनी स्वतः पाहिलं. "इतक्या थंडीत वाढल्या की वाकडे पंख सरळ येऊ शकतात. खूण झाकली जाते," त्या म्हणाल्या. "पण बाहेरची माशीही असू शकते. मी खोटं नाही सांगत, मला माहीत नाही. पंखांवर जाऊ नका आता. अंडीच सांगतील."

पाचही माश्या गुळाच्या पाण्याच्या थिजवलेल्या तबकडीवर सोडल्या. त्यांनी साठ अंडी घातली. माश्या पुन्हा माझ्यात आल्या आणि तबकडी दीड दिवस झाकून ठेवली. साध्या माश्यांची जवळजवळ सगळी अंडी फुटतात. आम्हाला न फुटलेली हवी होती. मेलेली अळी सापडावी म्हणून आम्ही चौघं वाट बघत होतो, आणि त्या लहानग्या जिवांसाठी मला वाईटही वाटत होतं.

झाकण काढलं तेव्हा बरीच अंडी न फुटता राहिलेली होती. पण काही अंडी नुसतीच वाया जातात, तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही. अंतरानं सुईच्या टोकानं एक उचललं, काचपट्टीवर ठेवलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मोजू लागली. आठ पट्टे. दुसरं उचललं. त्यात अळी घडलीच नव्हती. तिसऱ्यात पुन्हा आठ.

चौथ्याला ती म्हणाली, "एक, दोन, तीन, चार." आणि थांबली. मग दुसऱ्या टोकाकडून मोजायला लागली. "चार. मॅडम, चारच आहेत. एकाआड."

मॅडमनी पाहिलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. मग त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "जगन्नाथजी, आप देखिए."

जगन्नाथ सूक्ष्मदर्शकावर वाकला. सत्तावीस वर्षं या माश्या सांभाळून त्यानं आत कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या धूसर डोळ्याला ते दिसायला वेळ लागला.

"आधी ही है बेचारी," तो म्हणाला.

"हो, भैया," अंतरा म्हणाली. "इसी से पता चला कि बाकी सब हैं." आणि ती रडू लागली.

आता ‘एकाआड’ आमच्याकडे वीस बाटल्यांत आहे आणि दूरच्या दोन शहरांतही पोचला आहे. उबेत वाढलेल्या पिढीचे पंख पुन्हा वाकडे आले. चिठ्ठ्या आता मॅडम लिहीत नाहीत. "आप रहने दीजिए, हम लिखेंगे," असं जगन्नाथनं त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं मानलं. माझ्यावर त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘इसमें जान है’. मी आयुष्यभर डेअरीचं नाव मिरवलं, पण हे मला जास्त शोभतं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. एखादी वस्तू टाकण्याआधी किंवा धुण्याआधी ती उजेडाकडे धरा आणि आत बघा. दिसलं नाही तर भिंग घ्या, भिंगातूनही दिसलं नाही तर कुणाला तरी विचारा. लिहिणारा कितीही शहाणा असला, तरी तेवढं करा. जगन्नाथ आता तसंच करतो. परवा त्यानं फिनाइलची रिकामी बाटलीसुद्धा खिडकीशी नेली आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली. अंतरा तिथेच होती. ती हसली नाही, टॉर्च धरून उभी राहिली.